डोळ्याचा वाफा

गोपाल निंबोकारने आयुष्यात कुणाला तोंडावर ‘नाही’ म्हटलं नव्हतं. हा त्याचा चांगुलपणा आहे असं गावात सगळे धरून चालत, आणि पंचेचाळिशीपर्यंत तोही तसंच धरून चालला होता. कुणी फवारणीचा पंप मागायला आलं की तो म्हणे, “ने ना भाऊ. पण त्याचं नोझल गळून राहिलं, तुह्या अंगावर उडन.” मागणारा आपणहून म्हणे, राहू दे मग. सासरच्या एखाद्या लग्नाला जायचं नसलं की आठवडाभर तो बायकोला उन्हाच्या बातम्या सांगे, आणि शेवटी बायकोच म्हणे, जाऊ नका, जीव बरा तर सगळं बरं. ‘नाही’ समोरच्याच्या तोंडून बाहेर पडायचं आणि हा नामानिराळा. साधं कसब नव्हतं ते! फक्त ते कसब त्याने एकदा आईवर वापरलं.

मूर्तिजापूरपासून सहा किलोमीटर आत निंबोकारांचं दीड एकर वावर आणि त्यात एक विहीर. वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, मेथी आणि दसरा-दिवाळीच्या बेताने झेंडू. एका अंगाला अकोला, दुसऱ्या अंगाला अमरावती, त्यामुळे माल जिकडे उठाव असेल तिकडच्या गाडीत चढायचा. बाप लवकर गेला. वावर आईने, पार्बताबाईने, वाढवलं आणि वावरानेच गोपालला वाढवलं. माळ्याच्या घरात फुलांचं कौतुक फार नसतं, फुलं म्हणजे काम. पण या वावरात झेंडूच्या सहा सऱ्या अशा होत्या की तिथे चप्पल घालून जायची कुणाचीच टाप नव्हती. त्या तुकड्याला पार्बताबाईने नाव दिलं होतं, डोळ्याचा वाफा.

त्याला कारण रागिणी मॅडम. अमरावतीच्या एका फार्मसी कॉलेजात त्या पीएचडी करत होत्या. तीन वर्षांपूर्वी एका ओळखीच्या भाजीवाल्याकडून पत्ता काढून स्कूटीवर एकट्या आल्या. चहा घेता घेता त्यांनी समजावून सांगितलं. झेंडूच्या केशरी पाकळीत एक द्रव्य असतं. अंगात साखर फार दिवस राहिली की डोळ्याच्या मागच्या पडद्यातल्या बारीक नसा आतून गंजल्यासारख्या खराब होतात, आणि हे द्रव्य तो गंज रोखायला मदत करतं.

“मंग फुलाचा रस डोळ्यात पिळला तं?” पार्बताबाईने विचारलं. तिला स्वतःला बारा वर्षांपासून साखर होती.

“अजिबात नाही हं, मावशी!” मॅडम घाईने म्हणाल्या. “डोळा जाईल. आणि साधा थेंब टाकला तरी तो मागच्या पडद्यापर्यंत पोचत नाही. एकदा पापणी मिटली की निम्मा गालावर. म्हणून मी ते द्रव्य तेलाच्या अगदी बारीक कवचात भरते, डोळ्याला दिसणार नाही इतक्या बारीक. ते डोळ्याला चिकटून राहतं आणि हळूहळू मागे झिरपतं. सध्या उंदरांवर पाहते आहे.”

त्यांच्या अटी तीन. त्या झाडांवर कसलाही फवारा नको, फुलं सकाळी तोडायची, पाकळ्या सावलीत वाळवायच्या. जाताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. मावशींचे डोळे दरवर्षी डॉक्टरला दाखवा, आणि डॉक्टर सांगतील तो उपाय आधी. माझे थेंब कधी आलेच तरी त्या उपायाच्या बदली नसतील. गोपालने मान डोलावली. त्याने ते ऐकलं होतं. हे ध्यानात ठेवायला हवं, कारण पुढे चार-पाच महिने ते आपण ऐकलंच नव्हतं असं तो स्वतःला भासवत होता.

पार्बताबाईला मात्र नवा हुरूप आला. जन्मभर तिची फुलं देवाच्या गळ्यात आणि ट्रकच्या तोंडावर गेली, आता ती औषधात जाणार होती. त्या सहा सऱ्यांना ती मोटरचं पाणी देईना, गडव्याने, तांब्या-तांब्याने देई. अळी दिसली की बोटाने वेचून काढी. गावात शेजारच्या चतुराबाईपासून सरपंचाच्या बायकोपर्यंत सगळ्यांना सांगून झालं की आमच्या वाफ्यातून डोळ्याचं औषध बनून राहिलं. लोकही बेरकी. म्हणत, “पार्बताबाई, आमाले बी एक शिशी ठेवजा वो!”

“ठेवतो ना,” ती ऐटीत म्हणे. “पण नंबर लावा लागन.”

गेल्या दसऱ्याच्या बारा दिवस आधी गोपाल तिला अकोल्याला घेऊन गेला. तिला भाजी निवडताना मेथीतलं गवत दिसेना झालं होतं. जठारपेठेतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुल्या मोठ्या करून आत पाहिलं आणि दोघांना समोर बसवलं. दोन्ही पडद्यांवर सूज आहे, डाव्या डोळ्यात जास्त. डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल, महिन्याला एक, निदान पाच महिने. पहिलं याच आठवड्यात.

गोपालच्या मनात पहिल्यांदा काय आलं? आईचे डोळे नव्हेत. त्याच्या मनात तोडणी आली. दसऱ्याच्या तोंडावर आठ-दहा दिवस माळ्याला मान वर करायला फुरसत नसते. फूल आज तोडलं नाही तर उद्या ते फूल राहत नाही. त्यात एक दिवस अकोल्याला, मग तपासणीला पुन्हा, लगेच दिवाळीचा तोडा. ‘आत्ता जमणार नाही, दिवाळीनंतर पाहू’ असं तो डॉक्टरांना म्हणू शकला असता. डॉक्टर रागावले असते, बोलले असते, कदाचित दुसरी वाट काढली असती. पण त्याला तोंडावर नाही म्हणता येत नव्हतं ना! तो म्हणाला, “या आठवड्यात येतो सर.”

आणि परतीच्या एसटीत त्याने आपलं कसब बाहेर काढलं.

“माय, सुई डोळ्यातच टोचते म्हंते.”

“डोळ्यात?”

“बधिर करते पहिले. पण टोचते डोळ्यातच.”

पार्बताबाईने पदर तोंडाला लावला. तो थोडा थांबला. बोरगावचा थांबा गेला.

“अन् इकडं पाह्य ना, आपल्याच फुलाचं औषध बनून राहिलं. साधे थेंब.”

“मंग सुई कायले पायजे?” आई लगेच म्हणाली. “आपले थेंब येऊ दे. तेच टाकू.”

“तू म्हंतं तं तसं,” गोपाल म्हणाला आणि खिडकीबाहेर पाहू लागला. बाहेर तुरीची शेतं होती, त्याला ती काही दिसत नव्हती. काम फत्ते झालं होतं.

त्यानंतर पाचव्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली. पार्बताबाई लेकीकडे अचलपूरला गेली होती, तीन दिवसांसाठी. डोळ्याच्या वाफ्यात अळी सुटली. वेचून संपेना इतकी. ती बाजूच्या झेंडूत शिरली असती तर दसऱ्याचा सगळा माल गेला असता. गोपालने पंप पाठीला लावला. बांधावर सवयीने चपला काढून ठेवल्या, अनवाणी वाफ्यात शिरला आणि सहाच्या सहा सऱ्या विषाने धुऊन काढल्या. चपला काढल्याचं त्याच्या स्वतःच्याही लक्षात आलं नाही. आठ दिवसांनी त्याच पाकळ्या सावलीत वाळवून, पिशवीत भरून त्याने अमरावतीला पोचत्या केल्या. मॅडमनी विचारलं, “फवारा नाही ना, गोपालभाऊ?” तो म्हणाला, “माय जिवापाड जपते त्या वाफ्याले.” हे तर खोटं नव्हतं. गोपालचं कुठलंच वाक्य धड खोटं नसायचं.

दसरा चांगला गेला, दिवाळीही. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पार्बताबाई ओट्यावर बसली होती. तिने हाक मारली, “गोपाल्या, चुलीचा धूर कोंडला का रे? धुपट झालं सारं.”

चूल पेटलेली नव्हती. घरात तीन वर्षांपासून गॅस होता.

डाव्या डोळ्यात रक्त उतरलं होतं. डॉक्टरांनी तपासलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. आतला पडदा ओढला गेलाय, ऑपरेशन करून पाहता येईल, पण नजर परत येईल असं मी सांगणार नाही. मग त्यांनी गोपालकडे पाहून विचारलं, “त्या आठवड्यात येणार होतात ना?”

उत्तर पार्बताबाईने दिलं. “त्याची काही गलती नाई डॉक्टरसाहेब. मीच नाई म्हटलं सुईले. आमचं घरचं औषध येऊन राहिलं.”

आई त्याच्या बाजूने बोलली आणि गोपालला दवाखान्याच्या फरशीत गडप व्हावंसं वाटलं. हे ‘नाही’ कुणाचं होतं ते त्या खोलीत फक्त त्याला ठाऊक होतं.

तेव्हापासून त्याचं अन्नावरचं मन उडालं. पण गंमत पाहा, एसटीतल्या त्या बोलण्याकडे त्याचं मन जाईच ना. ते धरून बसलं फवाऱ्याला. झालं ते फवाऱ्यामुळे, असं त्याने ठरवून टाकलं. रागिणी मॅडमचा फोन येणं दसऱ्यानंतर बंद झालं होतं. म्हणजे विषाच्या पाकळ्यांनी उंदीर मेले असणार, काम बुडालं असणार, नाहीतर थेंब एव्हाना तयार झाले असते आणि आईचा डोळा वाचला असता. मीच औषध नासवलं. हा हिशेब तो वांगी तोडताना करी, जेवताना करी. वाफ्यात पाऊल टाकायचं त्याने सोडलं. आई मात्र एका डोळ्याने तिथे रोज बसे, झाडांना चाचपून पाणी घाली आणि विचारी, “मॅडमचा फोन आला का रे?”

“येईन,” तो म्हणे.

माघात उजव्या डोळ्याची पाळी आली. पार्बताबाईला चेहऱ्याच्या मधोमध काळं दिसू लागलं. माणसाचे कान दिसत, नाक दिसत नसे. डॉक्टर म्हणाले, सूज मधोमध आली आहे, पण हा डोळा अजून हातचा गेलेला नाही. आठवड्याच्या आत इंजेक्शन द्या. एवढा एकच डोळा राहिलाय.

पार्बताबाई हटून बसली. “इतके दिवस थांबली, आता कायले सुई? आपले थेंब येतीन.” गोपालने समजावलं, बायकोने समजावलं. ती ऐकेना. स्वतःच्या फुलांवर इतका विश्वास तिने कधी देवावरही टाकला नसेल, आणि तो विश्वास पेरणारा समोर मान खाली घालून बसला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने अमरावतीची गाडी धरली.

कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर रागिणी मॅडम कॉम्प्युटरपुढे बसल्या होत्या. त्याला पाहून उठल्या, खुर्ची दिली, पण पूर्वीसारख्या हसल्या नाहीत. गोपाल खुर्चीवर टेकला नाही.

“मॅडम, एक शिशी द्या. एकच. मायचा एकच डोळा राहिला.”

“भाऊ, ते माणसांसाठी नाही हो. अजून उंदरांच्याच पुढे गेलेलं नाही. माणसांपर्यंत जायला आठ-दहा वर्षं लागतील, तेही सगळं जमून आलं तर. मी कशी देऊ?”

“उशीर माह्यामुळंच झाला ना!” गोपालचा बांध फुटला. “दसऱ्याच्या वक्ताले मी फवारा मारला मॅडम त्या वाफ्यात. तुमाले सांगतलं नाई. तुमचे उंदरं मेले असतीन, तुमचं काम बुडालं. माह्या मायचा डोळा मीच खाल्ला.”

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, “एकही उंदीर मेला नाही. मशीनवर तपासल्याशिवाय मी कुठल्याही उंदराच्या डोळ्यात काही टाकत नाही. तुमच्या पाकळ्यांत फवारा निघाला, मी तो अख्खा लॉट फेकून दिला आणि तयार पावडर मागवली. माझं काम एक दिवससुद्धा थांबलं नाही.”

“एक दिवस बी नाई?”

“नाही. मला राग आला होता, म्हणून फोन बंद केला. तेवढा तुमच्या फवाऱ्याचा परिणाम.”

गोपाल मटकन खुर्चीत बसला. अडीच-तीन महिने छातीवर घेऊन फिरलेला धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला होता. त्याचा श्वास मोकळा झाला. पण तो पुरता एक मिनिटही टिकला नाही.

“मावशींची इंजेक्शनं किती झाली?” मॅडमनी विचारलं.

“एक बी नाई.”

“म्हणजे? कुणी सांगितलंच नाही?”

“सांगतलं होतं. दसऱ्याच्या पहिले.”

“मग?”

“मायलेच भेव...” गोपालने सुरुवात केली आणि तो थांबला. वाक्य ओठांवर तयार होतं. तेही धड खोटं नव्हतं. आईला भीती होतीच. पण ती घातली कुणी? बोरगावचा थांबा, पदर, खिडकीबाहेरची तूर, सगळं त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. फवाऱ्याचं पाप त्याने एवढं कवटाळलं होतं, कारण ते हलकं होतं. त्याच्या आड दुसरं लपवता येत होतं.

“मायले भेव मी घातलं,” तो म्हणाला. “तोडणी बुडन म्हणून. थेंबाची आस बी मीच लावली. तुमी पहिल्याच दिवशी सांगतलं होतं, मले आठवते.”

मॅडमचे डोळे भरून आले. “मी फोन बंद केला नसता तर,” त्या म्हणाल्या, “मावशींची चौकशी तरी केली असती. मग लगेच कळलं असतं.” ती खंत त्यांची त्यांच्यापाशी. गोपालला त्यांची समजूत काढता आली नाही. तो निघताना त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, “उद्याच घेऊन जा त्यांना. आज जे औषध आहे, ते तेच आहे.”

तो घरी पोचला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आई वाफ्यात बसली होती, मांडीवर एक फूल घेऊन. त्याने बांधावर चपला काढल्या आणि तिच्यासमोर मातीत बसला. सांगताना त्याने कशाचंच पांघरूण घातलं नाही. थेंब येणार नाहीत, तुझ्या-माझ्या हयातीत येतील की नाही माहीत नाही. या वाफ्यात मी विष मारलं. आणि सुईला नाही तू म्हटलं नव्हतंस, मी तुझ्याकडून म्हणवलं. दसऱ्याच्या फुलांसाठी.

पार्बताबाई बोटांनी फूल चाचपत राहिली. पाकळ्या मोजते आहे असं वाटावं इतक्या सावकाश.

“फवारा मारतानी चपला काढल्या होत्या?” तिने विचारलं.

“हाव.”

“वा रे!” ती म्हणाली. तिला हसू आलं की काय ते त्याला कळलं नाही. मग तिचा आवाज बदलला. “तुले टाइम नवता तं तसं सांगाचं होतं, बाबू. मी एकटी गेली असती यष्टीनं. तवा मले दोन डोळे होते.”

गोपाल रडला. बायको बांधापर्यंत आली आणि तिथूनच परत फिरली. आईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही, त्याला ढकललंही नाही. त्याचं रडून झाल्यावर ती म्हणाली, “सकाळची पयली गाडी कितीची हाय?”

दुसऱ्या दिवशी जठारपेठेत तिला इंजेक्शन मिळालं. ती ओरडली नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, “मुंगी चावल्यावानी वाटलं. एवढ्यासाठी?” त्या ‘एवढ्यासाठी’ने गोपालला जे टोचलं ते मुंगीसारखं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं, सूज उतरते का ते महिन्याने कळेल. जेवढी नजर आहे तेवढी टिकली तरी मोठी गोष्ट. संध्याकाळपर्यंत पट्टी राहू द्या.

उजव्या डोळ्यावर पट्टी, डावा विझलेला. पार्बताबाईपुढे भर दुपारी पुरता अंधार होता. रिक्षा सापडेपर्यंत रस्त्याच्या कडेने चालायचं होतं. तिने त्याचा दंड धरला.

“पुढं काय हाय?”

“काही नाई माय, सरका सपाट रस्ता हाय. चाल बिनघोर,” गोपाल म्हणाला. तोंडून तसंच निघालं, जन्माच्या सवयीने. तिसऱ्याच पावलाला तिचा अंगठा फरसबंदीच्या उखडलेल्या गट्टूला ठेचकाळला. ती झोकांडली, सावरली आणि जागीच उभी राहिली. दंडावरची पकड घट्ट झाली.

“गोपाल्या, मले बरं वाटावं म्हणून नको सांगत जाऊ,” ती म्हणाली. “जे दिसते तेच सांगजो.”

मागून गाड्या हॉर्न वाजवत होत्या. गोपालने समोर नीट पाहिलं.

“उजव्या हाताले फुलाचा ठेला हाय,” तो म्हणाला. “झेंडू हाय. शिळा हाय, पानी मारून ठेवला.”

“अन् पुढं?”

“पुढं नाली हाय, माय. झाकण फुटेल हाय. दोन पावलं हायेत अजून.” तिच्या पावलांबरोबर तो मोजू लागला. “एक. दोन. आता उचल पाय.”

पार्बताबाईने पाय उचलला.